द्राक्षाबरोबर पेटीचीही तपासणी



आपली द्राक्षे युरोपात जातात तेव्हा नुसती द्राक्षे जात नाहीत. अर्धा किलोचे पारदर्शक पनेट (प्लॅस्टिकची छोटी डबी), अशी दहा पनेट मावणारी पुठ्ठ्याची पेटी, आत पातळ प्लॅस्टिकचा लायनर आणि वर ग्रेप गार्डचा कागद. हा कागद ओलाव्याने हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडतो, म्हणून बुरशी येत नाही. लायनर तो वायू आणि ओलावा धरून ठेवतो, म्हणून देठ हिरवा राहतो. देठ वाळला की मणी गळतात, आणि तिकडचा खरेदीदार आधी देठच बघतो.

या सगळ्या वेष्टनासाठी युरोपीय संघाने नवा कायदा केला आहे, 2025/40 क्रमांकाचा. तो 11 फेब्रुवारी 2025 रोजी अस्तित्वात आला आणि लागू होण्याची तारीख त्यात 12 ऑगस्ट 2026 अशी लिहिली आहे. पूर्वी प्रत्येक देश आपापल्या परीने नियम करायचा; आता सत्तावीसही देशांना एकच कायदा थेट लागू. शिसे, कॅडमियम, पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम मिळून किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या आत हवेत, खाद्यपदार्थाला लागणाऱ्या वेष्टनात पीफास या फ्लोरीनयुक्त रसायनांवर मर्यादा, आणि हे सिद्ध करणारी कागदपत्रे. पनेटवर नाव कोणाचे छापले आहे, यावर ही कागदपत्रे कोणी ठेवायची ते बऱ्याच अंशी ठरते. स्वतःचा ब्रँड घेऊन जाणाऱ्या निर्यातदाराने हे आजच समजून घ्यावे. ब्रिटनची तऱ्हा वेगळी. तिथे 30 टक्क्यांहून कमी पुनर्वापरित प्लॅस्टिक असलेल्या वेष्टनावर 1 एप्रिल 2022 पासून कर आहे. तो आयातदार भरतो, पण भाव ठरवताना शेवटी आपल्याकडूनच वळता होतो.

खरी कसोटी 2030 ची. दीड किलोपेक्षा कमी ताज्या फळांना एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे वेष्टन 1 जानेवारी 2030 पासून बंद. आपले पनेट अर्ध्या किलोचे! मात्र पाणी कमी होणे, बुरशी, हाताळणीतले धक्के यांपासून फळ वाचवायला प्लॅस्टिकच लागते असे दाखवून दिले, तर सदस्य देश सवलत देऊ शकतात. जिथे सवलत मिळेल तिथेही पेट प्लॅस्टिकच्या पनेटमध्ये 30 टक्के पुनर्वापरित माल हवा. तो लोकांनी वापरून टाकलेल्या प्लॅस्टिकमधूनच आलेला असावा लागतो, आणि युरोपाबाहेर तयार झाला असेल तर गोळा करण्यापासूनची पद्धत त्यांच्या तोडीची लागते. म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या द्राक्षाचा प्रश्न शहरातल्या कचरावेचकाच्या हातगाडीपर्यंत जातो. त्या माणसाला हातमोजे, वर्गीकरणाची शेड आणि रास्त भाव मिळाल्याशिवाय ही साखळी उभी राहणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

पुठ्ठ्याचे पनेट वापरा, असा सल्ला सहज दिला जातो. शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास, नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत पुठ्ठा ओलावा पितो आणि थरावर थर रचलेल्या पेट्या खाली दबतात. त्यात जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे तांबड्या समुद्रातली वाट बिघडली आणि कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, तेव्हा प्रवास आणखी लांबला. स्पेनचा माल ट्रकने काही दिवसांत जर्मनीत पोचतो. त्याला चालणारे पनेट आपल्याला चालेलच असे नाही.

आपल्याला कोणते पनेट चालेल हे ठरवायला पुरावा लागेल, आणि तो एकट्या निर्यातदाराच्या आवाक्यातला नाही. 2003 साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, तेव्हा एकेकट्याने धावाधाव करून भागले नाही. कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ग्रेपनेट ही व्यवस्था उभी केली. बागेची नोंदणी, नमुने, प्रयोगशाळा आणि पॅकहाउस एका साखळीत आले. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी घेतली. पुढे 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे कंटेनर अडकले, तेव्हा फटका सगळ्यांनाच बसला. पनेटच्या बाबतीत तो फटका बसेपर्यंत का थांबायचे?

माझी मागणी अशी आहे. येत्या हंगामात एकाच बागेची द्राक्षे प्लॅस्टिकच्या, पुठ्ठ्याच्या आणि वर फिल्म लावलेल्या पुठ्ठ्याच्या पनेटमध्ये भरून एकाच कंटेनरमधून रॉटरडॅमला पाठवावीत. पेटी उघडल्यावर वजनातली घट, देठाचा रंग, मणीगळ आणि बुरशी यांची नोंद व्हावी. खर्च बागायतदारांचा संघ, निर्यातदार आणि सरकारने वाटून घ्यावा, आणि निकाल दोन-चार एकरवाल्या बागायतदारालाही मराठीत वाचायला मिळावेत. सवलतीबाबतची मार्गदर्शक तत्त्वे युरोपीय आयोगाने 12 फेब्रुवारी 2027 पर्यंत द्यायची आहेत. आपले आकडे त्याआधी त्यांच्या टेबलावर पोचले पाहिजेत.