अभ्यास हीच पात्रता



पदव्युत्तर वर्गात प्रवेश हवा असेल तर विद्यार्थ्याने आधी अर्ज करावा, गुणपत्रके व शिफारसपत्रे जोडावीत, प्रवेशपरीक्षा द्यावी आणि निवड झाल्यावरच अभ्यासास प्रारंभ करावा, हा रूढ क्रम होय. त्यातून विद्यार्थ्याचा पूर्वेतिहास कळतो. पुढील अभ्यास त्याला झेपेल किंवा नाही, याचा मात्र केवळ अंदाज बांधावा लागतो. घरच्या अडचणींमुळे ज्याचे शिक्षण खुंटले, त्याच्या बाबतीत हा अंदाज बहुधा प्रतिकूलच ठरतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २०१५ साली हा क्रम उलटा करण्याचे जाहीर केले. पुरवठा साखळी व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम इंटरनेटद्वारे सर्वांस खुले झाले. ते उत्तम रीतीने पूर्ण करणाऱ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करता येतो आणि निवड झाल्यास केवळ एक सत्र संस्थेत राहून पदवी मिळविता येते. पुढे अभिजित बॅनर्जी व एस्तेर दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने विकासधोरणाच्या विषयातही अशीच सोय झाली. तेथे आधीच्या पदवीची अट नाही आणि शुल्क विद्यार्थ्याच्या उत्पन्नानुसार आकारले जाते. तथापि जागा मर्यादित असल्याने निवड होतेच; फरक इतकाच की, तिचा मुख्य आधार त्याच अभ्यासातील कामगिरी हा असतो.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील शाखेने याहून पुढचे पाऊल टाकले. विदाविज्ञानासारख्या विषयांत ठरावीक तीन अभ्यासक्रम सरासरी ‘बी’ श्रेणीने पूर्ण करणाऱ्यास तेथे प्रवेश मिळतो. गुणपत्रक वा प्रवेशपरीक्षा यांची मागणी केली जात नाही.

आपल्या देशातही या तत्त्वाचा स्वीकार झाला आहे. मद्रास आयआयटीने २०२० साली सुरू केलेल्या विदाविज्ञानाच्या पदवी शिक्षणक्रमासाठी जेईई आवश्यक नाही. बारावी उत्तीर्ण विद्यार्थी चार आठवड्यांचा अभ्यास करतो, दर आठवड्याचा स्वाध्याय सादर करतो आणि नंतर केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा देतो.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानी घ्यावयास हव्यात. दार उघडे असले तरी उंबरठा उंचच आहे. गणिताचा पाया, इंग्रजीचे ज्ञान आणि भरवशाची इंटरनेट जोडणी यांवाचून तो ओलांडता येत नाही. शिवाय प्रवेश मिळण्यापूर्वीच शुल्क व श्रम खर्ची पडतात. परदेशातील पदव्युत्तर पदवी लाभली तरी, आपल्याकडील एखाद्या पदास आधीची पदवी आवश्यक असल्यास ती अट आपोआप शिथिल होत नाही. म्हणून संबंधित नियम आधी पाहून घेणे इष्ट.

येथेच शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. ग्रंथालयात सायंकाळी एक संगणक व निवांत जागा मिळाली, आणि गणिताच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास दिला, तरी नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्या तरुणास मोठा आधार होईल. एखाद्याची योग्यता त्याच्या जुन्या गुणपत्रकावरून ठरविण्यापूर्वी, त्याला ती अभ्यासाने सिद्ध करण्याची एक संधी देणे, हेच या पद्धतीचे सार होय.