डब्यावर काय लिहावे?



चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा बोनस किंवा महागाई असे काही येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही सांगितले, "शिंगणापूरच्या बांधावर लपवलेला डबा." ते जरा चमकलेच. आमची शाळा चौथीपर्यंतची. पुढचे शिक्षण हमालांच्या अड्ड्यावर आणि वाचनालयात झाले. तेव्हा आकाशातील उपग्रहांवर आम्ही बोलावे हे धाडसच म्हणायचे. परंतु पोते, खोके आणि पेटी यांत आमची तीस वर्षे गेली आहेत, आणि तेवढ्याच अधिकारावर आम्ही उभे आहोत.

खेळ साधा आहे. एकाने डबा लपवायचा व त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने हातातील यंत्राच्या आधारे तो शोधायचा. आत एक वही असते, तीत नाव आणि तारीख लिहायची. आतली वस्तू घेतली तर निदान तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून निघून जायचे. याला जिओकॅशिंग म्हणतात. उपग्रहांच्या संकेतांत अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी काढून टाकली, आणि लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने पहिली बादली ठेवली. तीत पुस्तके होती, एक गलोल होती आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबाही होता. खाण्याची वस्तू ठेवणे पुढे नियमाने बंद झाले. मुंग्या आणि उंदीर हेही शोधण्यात पटाईत असतात.

शिंगणापूर सुमारे १९ अंश २३ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. पण एवढ्यावर निघालेला मनुष्य सगळे शिवार पालथे घालील, कारण अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १८५० मीटर. म्हणून मिनिटाचे हजार भाग करतात. एक भाग दोन मीटरांहूनही कमी. यंत्र झाडाखाली पाच-दहा मीटर चुकते ते चुकतेच. शेवटचा शोध डोळ्यांनीच घ्यावा लागतो.

आमच्या हमाल बांधवांची कॉलेजात जाणारी मुले या खेळाच्या नादी लागली. नगरच्या भंगारवाल्याकडून त्यांनी काडतुसांची एक रिकामी लष्करी पेटी आणली. आम्ही ती उचलून पाहिली आणि, खरे सांगतो, मोह पडला. पत्र्याची, सुमारे ३० सेंटिमीटर लांब, १५ रुंद, १९ उंच. झाकणाच्या आतून रबराची पट्टी. एका बाजूचा खटका दाबला की झाकण त्या पट्टीवर घट्ट बसते आणि पाण्याचा थेंब आत जात नाही. दारू कोरडी राहावी म्हणून केलेली ही युक्ती वहीलाही तितकीच उपयोगी पडते. जगभर हे खेळाडू अशी पेटी हुडकत असतात ते उगाच नव्हे.

जागा शिंगणापूरची का, असे आम्ही विचारले. मुले म्हणाली, "कुलूप नसलेला डबा ठेवायला याहून चांगले गाव कुठले, काका?" उत्तर बिनतोड होते. घराला चौकट असावी पण कवाड नसावे ही त्या गावाची जुनी रीत. २०११ साली युको बँकेने तेथे बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा त्याची बातमी दूरवर गेली होती. चोऱ्या अजिबात झाल्याच नाहीत असे नव्हे, पण रीत आहे.

येथवर सगळे ठीक होते. चूक पुढे झाली, आणि ती आमची. पेटीवर लष्करी अक्षरे तशीच होती. मुलांनी विचारले, आधी रंगवू का? आम्ही म्हणालो, "आज ठेवून तर बघा, रंग पुढच्या आठवड्यात." मळ्याच्या मालकालाही कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपणाऱ्या बायांना बांधाच्या दगडांत ती हिरवी पेटी दिसली. त्या किंचाळत पळाल्या आणि काम थांबले. तुम्ही म्हणाल, बाया घाबरट. तसे मुळीच नाही. आपला जिल्हा रणगाड्यांच्या दलाचा, के. के. रेंजवर तोफांचा सराव चालतो, आणि तिथले भंगार वेचताना, न फुटलेला गोळा हाताळताना माणसे मेली आहेत. त्या पळाल्या ते शहाणपण होते. इंग्लंडात वेदरबी गावी २०११ साली एका उपाहारगृहाबाहेरची प्लॅस्टिकची डबी पाहून बॉम्बनाशक पथक बोलवावे लागले होते. आमच्या पेटीवर तर काडतुसांची अक्षरे होती.

दुपारपर्यंत पोलीस येऊन गेले. मुलांनी धावत येऊन पेटी उघडून दाखवली. आत वही, पेन्सिल आणि चार गोट्या. सगळे हसले. बाया हसल्या नाहीत, कारण संध्याकाळी मालकाने त्यांचा अर्धा रोज कापला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कापलेल्या मजुरीसाठी भांडलो, आणि येथे सात जणींची मजुरी आमच्या पेटीने कापली! मालकाशी वाद घालण्याचा अधिकारही आम्हाला उरला नव्हता. पैसे आम्ही आणि मुलांनी मिळून भरले.

त्या रात्री आम्हाला १९२९ सालचा एक करार आठवला. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ठरवले की जहाजाने जाणाऱ्या, एक टन किंवा त्याहून जड अशा नगावर त्याचे वजन बाहेरून ठळक आणि टिकेल असे लिहिलेच पाहिजे. हिंदुस्थानने तो १९३१ साली मान्य केला. त्यामागचा विचार असा की नग बांधणारा एक, उचलणारा दुसरा, आणि उचलणाऱ्याला विचारून कोणी तो बांधलेला नसतो. खेळाच्या डब्याचेही तेच. शोधणाऱ्याला सगळे ठाऊक असते. पण डबा बहुधा आधी सापडतो तो झाडूवाल्याला, गुराख्याला, नाहीतर खुरपणाऱ्या बाईला, आणि तिला कोणी काही सांगितलेले नसते.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. लष्करी अक्षरे घासून काढली, पेटीला पिवळा रंग दिला. मुले तिच्यावर इंग्रजीत नाव घालणार होती, आम्ही मराठीत मोठ्या अक्षरांत लिहायला लावले, "हा खेळाचा डबा आहे. आत वही आहे. उघडून पाहा." एका मुलाने कुरकूर केली की असे लिहिले तर लपवण्यात मजा काय. आम्ही म्हटले, डबा लपव, पण तो कशाचा आहे हे लपवू नकोस. देवस्थानच्या वाहनतळाजवळची जागा कोणी सुचवली होती, ती सोडून दिली. गर्दीत बेवारस वस्तू ठेवणे हा खेळ नव्हे. दुसऱ्या एका शेतकऱ्याची परवानगी घेतली, ग्रामपंचायतीत आणि पोलिसांत सांगितले, आणि निंबाच्या मुळाशी दगडांच्या आडोशाला पेटी ठेवली. जमीन उकरली नाही. परवानगीवाचून तसे करण्यास खेळाच्या नियमांतच मनाई आहे. सातही जणींना नेऊन ती उघडून दाखवली. त्यांतल्या एकीने पट्टी दाबून पाहिली आणि विचारले, "हिच्यात पापड राहतील का हो दादा, सादळायचे नाहीत ना?" नाही सादळणार, पण ठेवता येणार नाहीत, असे सांगावे लागले.

पहिला पावसाळा निघून गेला. वही कोरडी आहे. पेन्सिल मात्र दोनदा गेली. तिथे आता तिसरी आहे.