न्यू ट्रायर : उपनगरातली सरकारी शाळा

अमेरिकेत शिकागोच्या उत्तरेला विनेट्का हे उपनगर आहे. तिथलं न्यू ट्रायर हायस्कूल 1901 मध्ये सुरू झालं. शाळा सार्वजनिक आहे; तिचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ताकरातून भागतो. नववीची मुलं शेजारच्या नॉर्थफील्डला शिकतात, तर दहावी ते बारावीची विनेट्काला. प्रत्येक मुलाला एक सल्लागार शिक्षक नेमून दिलेला असतो. नाटक, संगीत, पोहणं यांना इथे अभ्यासाइतकाच मान आहे. मुलं स्वतःचं रेडिओ केंद्रही चालवतात! अभिनेता चार्लटन हेस्टन इथलाच. जर्मनीतून निर्वासित होऊन आलेले जॅक स्टाइनबर्गरही इथेच शिकले. 1988 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रंगमंच आणि प्रयोगशाळा एकाच छपराखाली मिळाल्या, की मुलांना आपली वाट सापडते.