माशांचे पंचांग

बासरच्या ज्ञानसरस्वतीजवळून वाहणाऱ्या गोदावरीत माशांचे थवे फिरतात. त्यांना पुढारी नसतो. शेजाऱ्याला धडकायचे नाही, त्याची दिशा धरायची, त्याच्यापासून दुरावायचे नाही, एवढे प्रत्येकाने पाळले की थवा एकजुटीने चालतो, हे इचिरो आओकी या जपानी शास्त्रज्ञाने १९८२ साली गणकयंत्रावर दाखविले.

बासरच्या वरच्या अंगाला नांदेड जिल्ह्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार त्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी राहतात. या तारखा दोन राज्यांच्या पाणीवाटपातून आल्या. विणीसाठी प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या रोहू-कटल्याचे पंचांग मात्र पुरावर चालते. ते पंचांग गणकयंत्राला मांडता येईल; पण दारे उघडझाप करणाऱ्यांनी ते मागितले तर पाहिजे!