गोंदियाचे स्टेशन आणि सरहद्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या कोंढ्याला आगगाडी नाही. तरी आपल्यापैकी कित्येकींचे माहेर, नाही तर लेकीचे सासर, बालाघाटकडे आहे, आणि तिकडची वाट गोंदियाच्या स्टेशनावरून जाते. डोंगरगडच्या बमलेश्वरीला जातानाही गोंदिया लागतेच. म्हणून त्या स्टेशनाविषयी चार शब्द सांगते.

नागपूर ते राजनांदगाव ही रेल्वे 1882 साली पुरी झाली. छत्तीसगडातले धान्य बाहेर नेता यावे, हा तिचा हेतू. पुढे 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने हा मार्ग घेऊन रूळ रुंद केले, आणि 1900 साली नागपूरहून थेट हावड्याची वाट मोकळी झाली. 1903 पासून गोंदियाहून उत्तरेकडे अडीच फुटी रुळांची छोटी गाडी निघाली. ती बालाघाट, नैनपूर करीत पुढे जबलपुरास पोहोचली. दक्षिणेस नागभीडचा फाटा झाला. अशा चहूकडच्या वाटा मिळाल्यावर धान, तेंदूपाने आणि बिड्या यांचा व्यापार वाढला व गोंदिया भरभराटीस आले. आता छोटी गाडी राहिली नाही. ते मार्गही रुंद झाले.

हे सारे उभे राहिले तेव्हा बालाघाट आपल्याला परके नव्हते. उलट 1867 साली बालाघाट जिल्हा केला, त्यात भंडाऱ्याचाही मुलूख घातला होता. दोन्ही जिल्हे एकाच मध्यप्रांतात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. 1960 साली महाराष्ट्र झाला. 1999 साली आपल्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, आणि 2000 साली पलीकडे छत्तीसगड राज्य झाले. स्टेशन होते तिथेच राहिले. सरहद्द मात्र त्याच्याजवळ आली. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला तर महाराष्ट्र-गुजरातची हद्द स्टेशनाच्या मधूनच गेली आहे.

भगिनींनो, गाडीला हद्द आडवी येत नाही. गोंदिया स्टेशनाचा कारभार छत्तीसगडातल्या बिलासपूरच्या रेल्वेकडे आहे, आणि गाड्या बिनबोभाट चालतात. हद्द आडवी येते ती कागदाला. पलीकडून आलेल्या सुनेची शाळा हिंदीत झालेली, दाखल्यावर राज्य दुसरे. बाईची जात लग्नाने बदलत नाही, ती वडिलांकडून धरतात. म्हणून दाखल्यासाठी माहेरचे जुने कागद मागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्याही राज्याराज्यांच्या वेगळ्या. मग ती सून तान्हे मूल घेऊन खेटे घालते, मजुरी बुडते, आणि घरात बोलणी तिलाच बसतात. यात तिचा काय दोष? तिने हद्द आखली नाही.

माझी मंडळाला एवढीच विनंती आहे. सोयरीक पलीकडची असेल तर रुखवतात एक भांडे कमी असले तरी चालेल. पण जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांच्या जातीचा दाखला मुलीच्या पेटीत आधी घालावा. तिकडे देतो त्या लेकीच्याही, आणि तिकडून आणतो त्या सुनेच्याही. ज्यांना कचेरीची माहिती आहे त्यांनी नव्या सुनेबरोबर एकदा जावे. आपल्या आज्या-पणज्यांनी ही नाती जोडली तेव्हा सरहद्द नव्हती. ती आता आली म्हणून सुनेने एकटीने का सोसावे?