घोडमुखीचा पुढला जन्म



लोणावळ्याला येणारं पब्लिक चिक्की घेतं, भिजतं, लोकलनं परत जातं. पुण्याहून येताना एक स्टेशन अलीकडं, मळवलीला उतरा. भाज्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या विहारात हत्तीवर बसलेली मोठी आकृती आहे, तिला बहुतेकजण इंद्र म्हणतात. इंद्र सगळ्यांना दिसतो. त्याच्या खालच्या भागात घोड्याच्या तोंडाची बाई आहे. मी तिच्याविषयी बोलणार. काही अभ्यासक तिला ४३२ व्या जातकातली यक्षीण मानतात.

बनारसच्या राजाची राणी. पाऊल वाकडं पडलं. राजानं विचारलं, तर तिनं खोटी शपथ घेतली: पाप केलं असेल तर घोडमुखी यक्षीण होईन. मेली, आणि झाली! भटाची पोथी इथंच मिटली असती. पापिणीला शिक्षा झाली, दक्षिणा टाका. जातक मात्र पुढं जातं.

तीन वर्षं वैश्रवणाची चाकरी केल्यावर तिला तीस योजनं लांब, पाच योजनं रुंद मुलूख मिळतो. त्यात येईल तो माणूस खायचा. एका ब्राह्मणाला ती उचलते, पण खात नाही, नवरा करते. वाटसरूंचे तांदूळ-तेल लुटून त्याला घालते, स्वतः माणसं खाते. बाहेर जाताना गुहेच्या तोंडाला धोंडा लावते. प्रेम तिचंच, तुरुंगही तिचाच.

पोटी येतो बोधिसत्व. तो बापाला घेऊन नदीत उतरतो, तिथं तिची हद्द संपते. काठावरून ती विनवते. पोरगा परतत नाही. तेव्हा शाप न देता ती त्याला बारा वर्षांपूर्वीचा माग काढायची विद्या देते, आणि ऊर फुटून मरते. त्याच विद्येनं पोरगा बनारसात चोरी शोधतो. चोर कोण? खुद्द राजा आणि पुरोहित! लोक राजाला मारून पोराला गादीवर बसवतात.

आता आपल्या लिखाणाकडं बघा. आपल्या कथांतली आई राबते, सोसते, रडते. शिव्या देणारी, खोटं बोलणारी, पोराला कोंडून ठेवणारी आई कुठंय? तिला धुऊनपुसून लिहाल, तर तिनं दिलेली विद्यासुद्धा धुतली जाईल.

आणि ती हद्द! ती तिनं आखलेली नव्हती. हद्दीबाहेर आपण आलो; तिला काठावर ठेवून आलो का, एवढं विचारा. मग लिहा.