दिल्लीची खातेवही आणि आपलें घर

(जळगांव-धुळें भागांतील एका खेड्यांत, शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



सरकारचें अंदाजपत्रक म्हटलें कीं आपल्यापैकीं बरेच जण उठून चालूं लागतात. तें काम दिल्लीच्या शहाण्यांचें, आपल्याला त्यांत काय कळणार, अशी समजूत आहे. ही समजूत आपल्या मनांत कोणीं घातली, याचा विचार करा. ज्या माउलीनें चार एकर कोरडवाहू जमिनीवर सहा माणसांचें घर चालविलें, तिला अंदाजपत्रक कळत नाहीं असें कोण म्हणेल? आखाजी आटोपली कीं ती मनांत हिशेब मांडते. बियाण्याला इतके, खताला इतके, मुलीच्या बाळंतपणाला इतके, सोसायटीचें व्याज इतकें. आणि कापूस विकून हातीं येणार इतके. खर्च जमेहून वाढला तर कर्ज काढते. सरकारही हेंच करतें. फरक एवढाच कीं तिच्या हिशेबाची झळ तिच्या एका घराला लागते, आणि दिल्लीच्या हिशेबाची झळ घरोघरीं लागते.

नवें सरकार आलें कीं त्याचें पहिलें अंदाजपत्रक तर नीट पाहावेंच. निवडणुकींतलीं वचनें तोंडीं असतात. तीं खरीं किती, हें अंदाजपत्रकाच्या आंकड्यांवरून कळतें.

जून २०२४ मध्यें निवडणूक होऊन नवें सरकार बसलें. त्या निवडणुकींत आपल्या भागानें जळगांवांतून श्रीमती स्मिता वाघ, रावेरांतून श्रीमती रक्षा खडसे आणि धुळ्यांतून डॉ. शोभा बच्छाव, अशा तीन स्त्रिया लोकसभेवर पाठविल्या. पहिल्या दोघी सरकार पक्षाच्या, तिसऱ्या विरोधी पक्षाच्या. पुढें २३ जुलै २०२४ रोजीं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीं या सरकारचें पहिलें अंदाजपत्रक मांडलें. वर्षाचा एकूण खर्च सुमारें ४८ लाख २१ हजार कोटी रुपये. एवढा आंकडा डोक्यांत मावत नाहीं, म्हणून त्याचा एक रुपया करूं.

त्या रुपयांतले २७ पैसे कर्जाचे. १९ पैसे लोकांच्या प्राप्तिकराचे, १७ पैसे कंपन्यांच्या कराचे, आणि १८ पैसे वस्तु व सेवा कराचे, म्हणजे ज्याला आपण जीएसटी म्हणतों त्याचे. बाकीचे किरकोळ. आतां खर्च पाहा. २१ पैसे राज्यांना त्यांच्या करांचा वांटा म्हणून गेले. १९ पैसे जुन्या कर्जाच्या व्याजांत गेले. लष्कराला ८ पैसे, आणि खत, धान्य वगैरेंच्या मोठ्या सवलतींना ६ पैसे. शेती व शेतीला जोडून असलेल्या कामांसाठीं १ लाख ५२ हजार कोटी ठेवल्याचें सांगितलें. आंकडा ऐकून छाती दडपते. पण एकूण खर्चाशीं ताडून पाहिला तर शंभर रुपयांत तो तीन रुपये पंधरा पैसे पडतो.

आतां हें अंदाजपत्रक आपल्या घरापर्यंत कसें पोंचतें, तें पाहूं. त्यासाठीं तीन प्रश्न विचारावेत. सरकार माझ्याकडून घेतें काय? मला परत देतें काय? आणि मी जो माल विकतों त्याच्या भावाचें करतें काय?

पहिला प्रश्न घेण्याचा. आपले लोक म्हणतात, "आम्ही कुठें कर भरतों? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं." हें अर्धें खरें आहे. त्या रुपयांतले जीएसटीचे १८ पैसे कोठून आले? दुकानांतून साबणाची वडी घेणाऱ्या प्रत्येक माणसाकडून आले. मजूर बाई आणि बंगल्यांतली बाई एकाच वडीवर सारखाच कर भरतात. पण मजूर बाईच्या मजुरींतला तो मोठा तुकडा असतो.

शेतकऱ्याची गोष्ट याहून वेगळी आहे. कापसावर फवारण्याचें औषध हजार रुपयांचें असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे १८० रुपये कर. खतावर ५ टक्के. व्यापारी जो कर माल घेतांना भरतो तो त्याला पुढें विकतांना वळता करून मिळतो. शेतकरी या करांत नोंदलेला नसतो, म्हणून त्यानें औषधावर भरलेले १८० रुपये त्याच्याच अंगावर राहतात. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवा. हे दर अंदाजपत्रकांत ठरत नाहींत. १ जुलै २०१७ पासून केंद्राचे व राज्यांचे मंत्री मिळून जीएसटी परिषदेंत ते ठरवितात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व ठिबक सिंचनाच्या संचावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, साबण व टूथपेस्टवरचा १८ वरून ५ वर आला. हें चांगलें झालें, तें चांगलें म्हणावें. रासायनिक औषधावरचे १८ टक्के मात्र तेव्हांही तसेच राहिले. यावरून कळेल कीं अंदाजपत्रकाच्या एका दिवशीं कान उघडे ठेवून भागत नाहीं. वर्षभर ठेवावे लागतात.

दुसरा प्रश्न देण्याचा. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं देतें. जुलै २०२४ मध्यें ती रक्कम वाढली नाहीं. ६,००० म्हणजे दिवसाला सोळा रुपयांच्या वर थोडें. पैसे थेट खात्यांत येतात, मध्यें कोणी हात मारीत नाहीं, हा फायदा खराच. पण पांच वर्षांत औषध, मजुरी, नांगरटीचें भाडें सर्व वाढलें आणि रक्कम जागच्या जागीं राहिली, तर न बोलतां ती कमी झाली असेंच समजावें.

कांहीं मदत मात्र आपल्या डोळ्यांना दिसत नाहीं. युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला २४२ रुपयांना मिळते. कडुलिंबाचा थर आणि कर वेगळा. ती बनविण्याचा व आणण्याचा खर्च याच्या कित्येक पट आहे. वरचा भार सरकार सोसतें. त्या वर्षीं खतांच्या सवलतीसाठीं १ लाख ६४ हजार कोटी धरले होते. हें पैसे कारखान्याकडे जातात म्हणून आपल्या हिशेबांत येत नाहींत, पण ते आपल्याच शेतासाठीं आहेत. उद्यां ही तरतूद कापली तर गोणीचा भाव काय होईल याचा अंदाज करा.

कारागीर बंधूंसाठीं १७ सप्टेंबर २०२३ रोजीं विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, परीट, गवंडी, सोनार वगैरे अठरा धंदे तींत आहेत. हत्यारांसाठीं १५,००० रुपये, शिकतांना रोजचा भत्ता, आणि ५ टक्के व्याजानें आधीं १ लाख व मग २ लाखांपर्यंत कर्ज, असें तिचें स्वरूप ठरलें. जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकांत मुद्रा कर्जाची मर्यादा १० लाखांवरून २० लाख केली. पण ती ज्यानें आधींचें मोठें कर्ज फेडलें आहे त्याच्यासाठीं. आपल्या गांवच्या लोहाराला वीस लाख नकोत. त्याला पन्नास हजार वेळेवर आणि हेलपाटे न घालतां हवेत. म्हणून योजनेचें नांव ऐकून टाळ्या वाजवूं नका. गांवांत किती जणांच्या हातीं पैसा पडला तें मोजा.

आतां तिसरा प्रश्न, भावाचा. हा सर्वांत मोठा, आणि याचीच दवंडी सर्वांत कमी पिटली जाते. जळगांवचा सराफ बाजार तुम्हांला ठाऊक आहे. त्या अंदाजपत्रकानें परदेशांतून येणाऱ्या सोन्यावरची जकात १५ वरून ६ टक्के केली, आणि त्याच दिवशीं सोन्याचा भाव हजारों रुपयांनीं उतरला. दिल्लींत एक ओळ वाचली गेली आणि संध्याकाळपर्यंत जळगांवच्या पेढीवर भाव बदलला! पुढें जगाचा भाव चढत गेला आणि २०२५ मध्यें दहा ग्रॅमला एक लाखाच्या वर गेला, ती गोष्ट निराळी. जकातीची एक ओळ काय करते, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

हीच गोष्ट कापसाला लावा. फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकानें परदेशी कापसावर जकात बसविली. सर्व मिळून ती ११ टक्के होत असे. म्हणजे परदेशी कापूस बंदरावर शंभर रुपयांना पडला तर गिरणीला तो एकशें अकरा रुपयांना पडे, आणि तेवढा आधार आपल्या कापसाला मिळे. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात चढविली, कापडाच्या गिरण्या अडचणींत आल्या, आणि सरकारनें १९ ऑगस्टपासून कापसावरची जकात उठविली. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. हें कांहीं अंदाजपत्रकांत झालें नाहीं. एका आदेशानें झालें. तारखा पाहा. जूनमध्यें पेरणी झाली होती, खत-औषधाचा खर्च होऊन चुकला होता, आणि ऐन वेंचणीचे महिने या सवलतींत आले. पेरतांना शेतकऱ्यानें एक हिशेब धरला होता, वेंचतांना त्याच्या हातीं दुसराच पडला.

येथें मी कोणावर राग काढावयास उभा नाहीं. मालेगांव-धुळ्याकडे यंत्रमागावर बसणारा विणकरही आपलाच भाऊ आहे. त्याला सूत स्वस्त मिळालें तर त्याची चूल पेटते. पण विणकराला वांचविण्याचा खर्च एकट्या कापूसवाल्यावर कां? तो देशाच्या खातेवहींत लिहावा, म्हणजे सर्वांनीं मिळून उचलावा. त्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. पण हमीभाव कागदावर असून उपयोग नाहीं. खरेदीचें केंद्र वेळेवर उघडावें लागतें. कापसांत बारा टक्क्यांहून जास्त ओल निघाली तर कापूस महामंडळ तो घेत नाहीं. ज्याच्या घरांत कापूस सुकवावयास जागा नाहीं आणि देणेकरी दारांत उभा आहे, तो व्यापारी देईल त्या भावाला माल देऊन मोकळा होतो.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हें सर्व कळलें तरी आपल्या हातांत काय आहे? याचें उत्तर जुन्या आणि नव्या अशा दोन उदाहरणांनीं देतों.

स्वातंत्र्याच्या आधीं जें हंगामी सरकार आलें, त्याचें अंदाजपत्रक २८ फेब्रुवारी १९४७ रोजीं लियाकत अली खान यांनीं मांडलें. मिठावरचा कर त्यानें काढून टाकला. हा कर जावा म्हणून १९३० मध्यें हजारों लोक तुरुंगांत गेले होते. त्याच अंदाजपत्रकांत व्यापाराच्या एक लाखावरील नफ्यावर २५ टक्के नवा कर सुचविला होता. व्यापारी मंडळींनीं एकजुटीनें ओरड केली आणि थोड्याच दिवसांत तो १६ टक्के व दोन तृतीयांश इतका खालीं आला.

दुसरें उदाहरण जुलै २०२४ चेंच घ्या. घर-जमीन विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर कर मोजतांना महागाईची जी सूट मिळे, ती या अंदाजपत्रकानें काढली. शहरांतल्या घरमालकांनीं लगेच आंकडे मांडून दाखविले, आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यांतच सरकारनें दुरुस्ती केली: २३ जुलै २०२४ पूर्वीं घेतलेल्या घर-जमिनीला जुनी रीत किंवा नवी रीत, जी सोयीची ती घ्यावी.

मंडळी, हे लोक आपल्याहून फार मोठे होते म्हणून त्यांचें ऐकलें गेलें, एवढेंच कारण नव्हे. त्यांनीं अंदाजपत्रक वाचलें होतें. कोणती ओळ आपल्याला लागते, किती रुपयांनीं लागते, हें त्यांना त्याच आठवड्यांत ठाऊक होतें. आपल्याला तें कापूस विकल्यावर कळतें. डिसेंबर १९३६ मध्यें याच जिल्ह्यांत फैजपूरला काँग्रेस भरली आणि तेथें शेतकऱ्यांचा कार्यक्रम मांडला गेला. शेतसारा, खंड व पाटपट्टी कमी करा अशा मागण्या त्यांत नांवानिशीं होत्या. खेड्यांत बसून राज्याच्या जमाखर्चाविषयीं मागणी करणें ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाहीं.

म्हणून माझी तीन कामांची विनंती आहे. पहिलें, खत, औषध, हत्यार घेतांना पावती घ्या आणि तींत कर किती लिहिला आहे तें घरांतल्या शिकणाऱ्या मुलीकडून वाचवून वहींत टिपा. दुसरें, २०१७ पासून अंदाजपत्रक १ फेब्रुवारीच्या सुमारास येतें. त्या आठवड्यांत शाळेच्या ओट्यावर एक संध्याकाळ त्याला द्या, आणि ते तीन प्रश्न विचारा. तिसरें, मागणी अंदाजपत्रक झाल्यावर नव्हे, दिवाळीनंतरच पाठवा, कारण वही तेव्हांच भरली जात असते. जळगांव, रावेर, धुळें या तिन्ही ठिकाणच्या लोकप्रतिनिधींना ग्रामसभेचा ठराव जावा. पक्ष कोणताही असो. ठरावांत दहा मागण्या नकोत, दोन पुरेत: पेरणी झाल्यावर त्या हंगामापुरती कापसाची जकात बदलूं नये, आणि बदलावीच लागली तर तुटीची भरपाई सरकारी तिजोरींतून व्हावी. सोबत गांवच्या वहींतले खरे आंकडे जोडा. आंकडे असलेला कागद केराच्या टोपलींत टाकणें अवघड जातें.